सिलोनात नोंदलेला बैल

आमच्या पांढरकवड्याच्या रामधनभाऊ राठोडांचं काळं दंतमंजन बाजाराच्या दिवशी विकलं जाई आणि फार तर आसपासच्या दोन-चार खेड्यांपर्यंत पोचे. डब्यावर एका बैलाचं चित्र असे. उजवं शिंग वर, डावं गालाशी लोंबलेलं. या बैलाची ट्रेडमार्क म्हणून रीतसर नोंद झालेली होती, पण भारतात नव्हे, सिलोनात. वणीच्या एका माणसानं हुबेहूब तोच बैल छापून मंजन विकायला काढलं, तेव्हा सगळ्यांनी भाऊंना सांगितलं, दावा ठोका. भाऊंनी खलबत्ता थांबवलासुद्धा नाही.

"विकू द्या ना बाप्पा. इथं मले सारेच ओयखतेत."

"मग सिलोनात कशाला एवढा खटाटोप?" मी विचारलं.

"तिथं मले कोनी ओयखत नाई म्हनून. छाप म्हंजे पत्ता, मास्तर."

हे त्यांचं पालुपद. त्यांचा आजा तांड्यातला, बैलांच्या पाठीवर मीठ वाहणारा. त्या काळी म्हणे पुढचा बैल दिसला की कोणाचा तांडा येतोय ते लांबूनच कळायचं. भाऊंनी ती विद्या हमरस्त्यावर आणली होती. ट्रक थांबला की मागच्या फळीवरचं चित्र बघून तो कुठला ते सांगत. बहुतेक वेळा चुकत, आणि चुकले की दोष ट्रकवाल्याचा.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे सिलोनचा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. परदेशात छाप नोंदवणं हे मुलगी देण्यासारखं आहे हे मला तेव्हा कळलं. लग्न लावून भागत नाही, दर सणाला काहीतरी पाठवावं लागतं. कागदांवर तिथला पत्ता हवा, म्हणून नागपूरच्या वकिलांनी कोलंबोत आणखी एक वकील गाठला. शिवाय छाप नुसती नोंदून चालत नाही, वापरात ठेवावी लागते. माल दुकानात दिसला नाही, तर कोणीही उठून म्हणू शकतो की हा बैल कामावर नाही, याचं नाव काढा. म्हणून दर वर्षी दिवाळी झाली की मंजनाचं एक खोकं कोलंबोच्या एका किराणा व्यापाऱ्याकडे जाई.

व्यापाऱ्याचं उत्तर ठरलेलं असे. इथले लोक असलं काळं दाताला लावत नाहीत, मात्र पितळेची भांडी छान निघतात. मी हे चवीनं वाचून दाखवी.

"घासू द्या," भाऊ खूश होऊन म्हणत. "डबा तं फयीवर दिसते ना?"

आमच्या पत्राचं शेवटचं वाक्यही ठरलेलं होतं. बैलाबद्दल कोणी गिऱ्हाइकानं चौकशी केली का? मला ही धंद्याची मिजास वाटे. व्यापारी बाकी सगळ्याची उत्तरं देई, याचं कधी देत नसे.

काही वर्षांनी नोंदीची मुदत भरत आली. चित्राचा ठसा झिजला होता, म्हणून वकिलांनी नागपुरात नवा करून घेतला. ठसेवाल्यानं आपल्या मनानं, वर काही न मागता, लोंबलेलं शिंग सरळ करून दिलं. तो छापील नमुना टपालानं आला आणि भाऊंनी खलबत्ता खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मला ट्रकमध्ये घालून ते नागपूरला निघाले.

"अहो, उलट बरंच झालं," वकील म्हणाले. "मंजनाला कुठलाही बैल चालतो. हा रुबाबदार आहे. जुन्याची मुदत संपू द्या, हाच नव्यानं नोंदवू."

"जुना जाऊ द्याचा नाई."

"पण अडचण काय?"

"सरळ शिंगाचे बैल साऱ्या दुनियेत हायेत, वकीलसाहेब. थ्यानं हा कोनाचा समजावा?"

"त्यानं म्हणजे कोणी?"

भाऊंनी पिशवीतून जुना डबा काढून टेबलावर ठेवला. "हाच पायजे," एवढंच म्हणाले.

परतताना हिंगणघाटला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं. धाकटा भाऊ भिकू. त्याचा लाडका गोऱ्हा होन्या नाल्यात पडला आणि त्याचं शिंग मोडलं. भिकूनं हळदीच्या चिंध्या बांधल्या, गोठ्यातच झोपला. शिंग वाचलं, पण लोंबतं राहिलं. असला कुरूप बैल बापाला नको होता, त्यानं तो बाजारात विकून टाकला. त्याच आठवड्यात यवतमाळला सर्कस आली होती. भिकू घोड्यांची चाकरी धरून तिच्याबरोबर गेला. पुढे सर्कस सिलोनला गेली आणि परत आली. भिकू आला नाही.

"जातानी म्हने, ज्या घरी होन्या नाई, थ्या घरी मी नाई," भाऊ म्हणाले. "थो गेल्यावर लगेच मी होन्याले वापस आनला ना. आपल्याच गोठ्यात म्हातारा होऊन मेला थो. पन हे भिक्याले कोन सांगन? थ्याले वाचता येत नाई. चित्र तं दिसते!"

"म्हणून तिथं दुसऱ्या कोणाला तो बैल लावू द्यायचा नाही?"

"थो भलत्याच्याच दुकानात जाऊन घरचं इचारत बसला तं?"

 भाऊ समोर थांबलेला ट्रक निरखत होते. तो हैदराबादचा, असं त्यांनी सांगितलं. तो जबलपूरचा निघाला.

लोंबत्या शिंगासकट मुदत वाढून आली. दिवाळीनंतर भाऊ तणसात डबे रचत होते, प्रत्येक बैलाचं तोंड बाहेर येईल असे. मी पत्र लिहायला बसलो होतो. शेवटचं वाक्य त्यांनी सांगायच्या आधीच लिहिलं आणि त्याच्यापुढे आणखी एक लिहिलं.

"वाचा," भाऊ म्हणाले.

मी मराठीत वाचून दाखवलं. "बैलाबद्दल कोणी चौकशी केली का? केली तर त्याला सांगा, होन्या तेव्हाच घरी परत आला होता."

भाऊंनी हातातला डबा धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"अखीन लिहा मास्तर," ते म्हणाले, "की गोठा तसाच हाय."

मी लिहिलं.