नमुन्याची पेटी

युद्धकाळात ज्या माणसांवाचून देशाचं पान हलत नाही, अशा माणसांची एक सरकारी यादी असते. त्या यादीत मी होतो. ही बढाई नाही. यादीत असलं की आघाडीवर जावं लागत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

मी दारूगोळा कारखान्याच्या तीन नंबरच्या शेडमध्ये तपासनीस होतो. आमच्या शेडमध्ये तोफगोळ्याच्या नाकात बसणारा पितळी फ्यूज तयार व्हायचा. वस्तू मुठीएवढी, पण गोळा कधी फुटायचा हे तीच ठरवते. फ्यूज वेळेवर पेटला तर शत्रूचं काही खरं नाही. उशिरा पेटला तर गोळा बटाट्यासारखा जमिनीत रुतून बसतो. आणि वेळेआधी पेटला तर तोफेजवळ उभं असणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून नियम असा की हजार फ्यूजच्या प्रत्येक लॉटमधली पाच फ्यूजची एक पेटी उघडायची, त्या पाचांना गेज लावून बघायचं आणि माप बरोबर भरलं तर प्रत्येकावर हातोडीने आपला नंबर ठोकायचा. माझा नंबर सतरा. मग उरलेल्या नऊशे पंच्याण्णवांवर दांडा ओढून यंत्राने सतरा उमटवायचा आणि पुढच्या शेडमध्ये दारू भरून माल आघाडीवर रवाना व्हायचा.

पहिल्या महिन्यात मी अकरा लॉट बाद केले. तेव्हा मी नवीन होतो आणि गेजवर जे दिसतं तेच तोंडाने बोलायचं असा माझा समज होता. फाटकाजवळच्या फळ्यावर रोजचं उत्पादन खडूने लिहीत. तिथे माझ्या कृपेने तीन दिवस शून्य होतं. चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"तुमचं काम काय हो?"

"फ्यूज तपासणं, साहेब."

"आणि तपासून?"

"चांगला असला तर पास करणं."

"मग करा की."

"चांगला नाहीये ना, साहेब."

साहेबांनी खणातून ती यादी काढली. "ज्याच्यामुळे काम अडतं तो माणूस अत्यावश्यक कसा, असं वरून विचारलंय. मला उत्तर द्यावं लागेल. बरं, तुमची छाती किती इंच?"

माझी छाती लढाईत उपयोगी पडेल अशी कधीच नव्हती. ती त्या क्षणी आणखी दोन इंच आत गेली.

यातून तोडगा काढला आमच्या फोरमनने. शेडमध्ये पूर्वी लेथवर एक बाई होत्या. साठीच्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या हातच्या फ्यूजला गेज लावलं की गेजलाच बरं वाटायचं. पण त्या दिवसाला पाचच फ्यूज करत आणि ठरवून दिलेला आकडा होता ऐंशी. तेव्हा कार्यक्षमता समितीने त्यांची बदली झाडूवर केली होती. त्यांनी लेथवर केलेले शेवटचे पाच फ्यूज फोरमनच्या कपाटात पडून होते. ते त्याने एका पेटीत घालून माझ्या टेबलावर ठेवले.

"नियमात काय लिहिलंय? पाच तपासा. कुठले पाच, ते कुठे लिहिलंय?"

मी नियमपुस्तिका दोनदा वाचली. खरंच लिहिलं नव्हतं. 

त्या दिवसापासून ती नमुन्याची पेटी रोज सकाळी ढकलगाडीवर बसून माझ्याकडे येऊ लागली. प्रत्येक लॉटला तेच पाच फ्यूज. माझ्यावर कुणी काय वाटेल ते आरोप करावेत, पण न तपासता मी कधी ठोकलं नाही. रोज त्या पाचांना नव्याने गेज लावायचो, माप तंतोतंत भरायचं, मला मनापासून समाधान वाटायचं आणि मग मी सतरा ठोकायचो. आठ महिन्यांत एकेका फ्यूजवर दोनशेच्या वर सतरा झाले. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी त्यांची दशा झाली, पण माप काही ढळलं नाही. फळ्यावरचे आकडे असे चढले की फळा मोठा करावा लागला. गुणवत्तेबद्दल आमच्या शेडला ढाल मिळाली. ती घेताना माझा फोटो निघाला. फोटोत माझी छाती चांगली दिसते.

माझी धाकटी बहीण शेजारच्याच घरात राहते. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, आघाडीवर तोफखान्यात होता. ती सगळ्यांना सांगत सुटायची, "दादा आहे ना तिथे. माझ्या पोराला दादाने तपासलेले गोळे मिळतात. मला कसला घोर नाही."

एके दिवशी भाच्याचं माझ्या नावावर पत्र आलं. बहिणीचा चष्मा फुटला होता, म्हणून तिने ते मलाच वाचून दाखवायला सांगितलं. पत्रात लिहिलं होतं, "मामा, इथे दहातले सहा गोळे फुटत नाहीत. समोरचे लोक ते उचलून नेतात आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून टेकू लावतात, असं ऐकतो. मागच्या महिन्यात शेजारच्या तोफेवर एक गोळा नळीतच फुटला. तेव्हापासून फ्यूजवर सतरा दिसला की आम्ही तोफेच्या चापाला लांब दोरी बांधतो, वाळूच्या पोत्यांमागे जाऊन बसतो आणि तिथून ओढतो. सतरा नंबर म्हणजे तुम्ही, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही."

"काय लिहितोय?" बहिणीने विचारलं.

"तब्येत चांगली आहे म्हणतो. गोळे उत्तम आहेत म्हणतो."

"मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली, आणि मला जेवायला थांबवलं. मी जेवलोसुद्धा.

आता माझ्यापुढे दोन मार्ग होते. उठून मोठ्या साहेबांना सांगायचं की माल भिकार आहे. मग यादी, छाती आणि आघाडी. किंवा निदान माझ्या भाच्यापुरतं बघायचं. सगळ्यांचं भलं करायला धाडस लागतं. एकाचं करायला ओळख पुरते. रवानगीचा कारकून माझ्या ओळखीचा होता. संध्याकाळी मी नमुन्याची पेटी उचलली, पुढच्या शेडमध्ये त्या पाचांत दारू भरून घेतली, झाकणावर निळ्या खडूने फुली मारली आणि भाच्याच्या तुकडीच्या मालात चढवली. सगळ्या कारखान्यात चांगले फ्यूज होते पाच, ते पाचही मी त्याला दिले. मामाने आणखी काय करायचं? त्याला लिहिलं, "निळ्या फुलीची पेटी घरची आहे. तिला दोरी नको. बिनघोर वापर." त्या दिवशी मला आठ महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढकलगाडी रिकामी आली. लॉट समोर आणि नमुना गायब. नाइलाजाने मला लॉटमधलीच एक पेटी उघडावी लागली. पाचांपैकी तीन ढिले, एक घट्ट, आणि पाचव्यात स्प्रिंगच नव्हती. लॉट बाद झाला, त्याच्या मागचाही झाला आणि दुपारी शेड बंद पडली. मोठे साहेब स्वतः आले.

"आठ महिने एक लॉट बाद नाही, आणि आज हे? यंत्रं तीच, माणसं तीच. बदललं काय?"

"पेटी, साहेब," फोरमन म्हणाला.

"म्हणजे दोष मालात नाही, तपासणीत आहे," साहेबांनी निष्कर्ष काढला आणि मावशींना झाडूसकट बोलावणं धाडलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "पाच हवेत?"

"पाचच."

"त्यापेक्षा मला लेथवरच बसवा ना. रोज पाच करीन, इतरांनाही शिकवीन. माल जरा कमी निघेल, पण निघेल तो फुटेल तरी."

"मावशी, सध्या मालाचा प्रश्नच नाहीये," साहेब समजुतीने म्हणाले. "प्रश्न नमुन्याचा आहे."

मावशींनी दिवसभर बसून पाच फ्यूज केले. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं आणि त्यांचा झाडू परत मिळाला. पेटी माझ्या टेबलावर ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं कुणी आहे का हो तिकडे?"

"भाचा आहे."

"माझे दोन आहेत," त्या म्हणाल्या आणि माझ्या टेबलाखालचा केर काढू लागल्या. मी पाय वर घेतले. मला लाज वाटली. ती मी आठवडाभर बाळगली आणि मग सवयीने सतरा ठोकू लागलो.

तीन आठवड्यांनी आघाडीवरून एक पुडकं आलं. आत माझे जुने पाच फ्यूज होते, दारू काढून घेतलेले, आणि सोबत तिथल्या माल-स्वीकृती अधिकाऱ्याचा खलिता: "सदर पाच नगांवर ठशांची संख्या प्रमाणाबाहेर आढळल्याने ते संशयास्पद ठरवून परत करण्यात येत आहेत. मूळ पेटी सुस्थितीत असल्यामुळे तीत चालू साठ्यातील, नियमानुसार एकच ठसा असलेले पाच नग भरून पेटी संबंधित तुकडीस देण्यात आली आहे."

फुली तशीच होती. आतले फ्यूज बदलले होते.

मी तार करायला धावलो. लष्करी ठिकाणी तार करायची तर अर्ज भरावा लागतो आणि अर्जात कारणाचा रकाना असतो. खरं कारण लिहिलं असतं तर तार त्याच तासाला गेली असती आणि तिच्यामागोमाग मीही गेलो असतो. मी लिहिलं, "घरगुती". घरगुती तारांना तेव्हा चार दिवस लागत. तारेआधी भाच्याचीच खबर आली. तो लष्करी इस्पितळात होता.

तो घरी आला तेव्हा डावा हात मनगटापासून नव्हता. बहिणीने त्याला खुर्चीवर बसवलं, मी समोर उभा राहिलो. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"सगळे दोरी बांधायला निघाले होते, मामा. मीच म्हटलं, राहू द्या, ही पेटी घरची आहे."

बहिणीने डोळे पुसले आणि माझे हात हातात घेतले. "दादा, तुझी पेटी होती म्हणून हातावर निभावलं रे. दुसऱ्या कुणाची असती तर माझं पोर गेलंच असतं."

न बोलण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कारखान्यात कुणी नव्हता.

पुढे युद्ध संपलं. आपण जिंकलो. समोरच्यांचा कारखानाही बहुधा आमच्यासारखाच असावा. शांततेच्या काळात तोफगोळे कुणी घेत नाही, म्हणून आमची शेड प्रेशर कुकर बनवू लागली. यंत्रं तीच, माणसं तीच, मोठे साहेब तेच. मावशींनी निवृत्त होण्याआधी एक कुकर केला. तो फार सुंदर आहे. ढकलगाडीवरून तो रोज सकाळी येतो. जखमी सैनिकांसाठीच्या योजनेत भाच्याला माझ्याच हाताखाली नोकरी मिळाली; ठसा उमटवणाऱ्या यंत्राचा दांडा एका हाताने ओढता येतो. पहिल्या दिवशी त्याने नमुन्याच्या कुकरकडे पाहिलं, मग लॉटकडे, मग माझ्याकडे. घरी त्याची आई आहे आणि ही नोकरी आहे. त्याने दांडा ओढला.

तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर जरा उलटा करून बघा. तळाशी सतरा असेल. दुकानात तुम्हीही तोच आकडा बघितला होता आणि खात्री पटून कुकर घरी आणला होता. तेव्हा बिनघोर वापरा. आमच्याकडेही तोच कुकर आहे. फक्त आमच्या गॅसच्या बटणाला भाच्याने एक लांब दोरी बांधली आहे. तिसरी शिट्टी झाली की आम्ही ती बाहेरच्या खोलीतून ओढतो.