राखीव: यारांगा

सोडतीत आपले नाव निघाल्याचे पत्र तेओदोमिरो यारांगा यांनी तीनदा वाचले आणि चौथ्यांदा बायकोकडून मोठ्याने वाचून घेतले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत गावच्या शाळेतल्या एका मतदान टेबलाचे अध्यक्ष म्हणून त्यांची नेमणूक झाली होती.

"मग यात एवढं नाचण्यासारखं काय आहे?" एर्मेलिंदा कणसं सोलता सोलता म्हणाली. "सोसिमाच्या पोराचं नाव निघालं होतं, तर त्यानं पाय मोडल्याचा दाखला आणला. खाली सही गुरांच्या डॉक्टरची."

"अगं, मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. सत्तरीनंतर नावच काढून टाकतात सोडतीतून. चाळीस वर्षं वाट बघतोय मी. ही शेवटची संधी!"

"लोक दंड भरून सुटका करून घेतात, आणि माझा म्हातारा पत्राचा मुका घेतो," एर्मेलिंदा कणसाला म्हणाली.

यारांगा अडतीस वर्षे हवामानखात्याच्या नोकरीत रोज सकाळी सात वाजता पाऊस मोजत आले होते. गावात ज्याच्याकडे मोजायचे यंत्र असते त्याला इंजिनीअर म्हणतात, म्हणून तेही इंजिनीअर. निवृत्तीनंतर पाऊस मोजायला दुसरा माणूस आला, तेव्हा ते आश्वासने मोजू लागले. यंदा पस्तीस उमेदवार होते. प्रत्येकासाठी वहीत एक ओळ होती: नाव, चिन्ह, आश्वासन, गणित, निकाल. शिडी चिन्हाच्या उमेदवाराने दोन वर्षांत खोऱ्यातून थेट समुद्रापर्यंत रेल्वे कबूल केली होती. यारांगांनी नकाशावर पट्टी ठेवली, डोंगर वजा केले आणि लिहिले: "शंभर किलोमीटर बोगदा, म्हणजे दिवसाला एकशे सदतीस मीटर, रविवार धरून. अशक्य." किटलीवाल्याने दर घरी दोन दुभत्या गायी जाहीर केल्या होत्या. त्याच्यापुढे लिहिले होते: "देशात आहेत त्याच्या तिप्पट लागतील. आधी बैलांना विचारावे."

वादविवाद रेडिओवर असत. त्या वेळी यारांगा रेडिओसमोर उभे राहून ओरडत. "आकडा सांग! आकडा सांग की, गाढवा!"

"त्याला ऐकू येत नाही रे," एर्मेलिंदा स्वयंपाकघरातून सांगे.

"म्हणून तर बोलतोय! ऐकू येणाऱ्याशी मी असा कधी बोललोय का?"

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वाद घालणे बंद केले. अध्यक्षाने निःपक्षपाती असायला हवे. मग त्यांचे लक्ष भिंतीकडे गेले. त्यांच्या घराची नऊ मीटरची भिंत हमरस्त्याला लागून होती आणि राजधानी लिमाकडे जाणारी प्रत्येक बस तिच्यासमोर गतिरोधकावर हळू होई. अशी भिंत निवडणुकीत मोकळी राहत नाही. आताही तिच्यावर गेल्या खेपेचा एक पडलेला उमेदवार हसत होता. यारांगांनी त्याच्यावर चुन्याचे दोन हात दिले. दुपारी ते डुलकी काढून उठले, तोवर भिंतीवर शिडी चढली होती. त्यांनी पुन्हा चुना दिला. दुसऱ्या दुपारी किटली आली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डुलकीला रजा दिली आणि रंगाऱ्याला शिडीवरच पकडले. तो विल्बेर पोमा निघाला. खोऱ्यातल्या सगळ्या पक्षांच्या भिंती तोच रंगवत असे.

"पोमा, लाज नाही वाटत? काल शिडी, आज किटली?"

"इंजिनीअरसाहेब, रंग एकच आहे, फक्त डबे वेगळे." पोमा खाली उतरला. "आणि चूक तुमची आहे. कोरी भिंत म्हणजे मालक नसलेली भिंत. आमच्या धंद्याचा नियम आहे, भिंतीवर 'राखीव' आणि पुढे नाव असलं, की कुणी माईचा लाल तिला हात लावत नाही. वैऱ्याची असली तरी."

"मग लिही, राखीव."

"कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही. माझ्यासाठी."

"नाव लागतं, साहेब. नुसत्या 'राखीव'वर लोक कपडे वाळत घालतात."

नियम नियमासारखा होता आणि यारांगांना नियम आवडत. "बरं. लिही, 'राखीव: यारांगा'. कोपऱ्यात, बारीक."

मग ते चहाला आत गेले. बाहेर आले तेव्हा भिंतभर, माणसाच्या उंचीची तांबडी अक्षरे निळ्या काठासह वाळत होती.

"कोपऱ्यात म्हटलं होतं ना मी?"

"नऊ मीटर भिंत, आणि त्यात मुंगीएवढं अक्षर? बसमधून माझी गिऱ्हाइकं जातात, साहेब. माझी काही अब्रू आहे का नाही?"

भिंत खरोखरच राखीव राहिली. आठवडाभर कुणी तिच्याकडे ब्रश घेऊन फिरकले नाही आणि यारांगा निश्चिंत झाले. पण हमरस्त्यावरून रोज चाळीस बसगाड्या जात होत्या, आणि बसमधल्या माणसांना हवामानखात्यातला यारांगा माहीत नव्हता. त्यांना एवढेच माहीत होते, की भिंत राखीव असते ती उमेदवारासाठी. पस्तीस उमेदवारांची नावे कुणालाच पाठ नव्हती, त्यामुळे छत्तिसाव्याचे कुणाला नवल वाटले नाही.

"हा यारांगा कोण हो?" जिल्ह्याच्या बाजारात एक बटाटेवाली विचारी.

"कोण का असेना. भिंतीवर एक थाप नाही मारली बिचाऱ्यानं."

"चिन्ह काय त्याचं?"

"पांढरी भिंत. बघितली नाहीस? केवढी स्वच्छ आहे."

पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या रेडिओने रस्त्यावर घेतलेली पाहणी जाहीर केली. शिडी बावीस टक्के, किटली एकोणीस. यारांगा वही उघडून बसले होते. "...आणि सर्वांना चकित करत यारांगा, चार टक्के," निवेदक म्हणाला.

"नवीन दिसतोय," यारांगा पुटपुटले आणि त्यांनी छत्तिसावी ओळ आखली.

एर्मेलिंदा दारात येऊन उभी राहिली. "आडनाव ओळखीचं नाही वाटत?"

"खोऱ्यात पाचशे यारांगा असतील. गप्प बस, आश्वासनं सांगतायत." सांगितले असे की यारांगा यांनी आजवर एकही आश्वासन दिलेले नाही. यारांगांनी लिहिले: "आश्वासने शून्य. गणित बरोबर. निकाल: शक्य." सगळ्या वहीत 'शक्य' हा शब्द पहिल्यांदाच आला होता. त्यांनी तो अधोरेखित केला.

"यांचा प्रचार म्हणजे हमरस्त्यावरची एक पांढरी भिंत," निवेदक पुढे म्हणाला, "गतिरोधकाजवळची."

यारांगांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"आता पेटला दिवा," म्हणून एर्मेलिंदा आत गेली.

उमेदवाराला मतदान टेबलावर बसता येत नाही. हा नियम पत्राच्या मागच्या बाजूला, कलम चारमध्ये होता आणि यारांगांना पाठ होता. ते तसेच बाहेर धावले आणि उरलेल्या तांबड्या रंगाने त्यांनी नावाखाली स्वतः लिहिले: "मी उमेदवार नाही. मला खुर्ची नको."

पुढच्या पाहणीत ते नऊ टक्क्यांवर गेले.

"पहिला माणूस बघितला, ज्याला खुर्ची नको," बसमधले लोक म्हणत. काही जण गतिरोधकाशी उतरून भिंतीसमोर फोटो काढून घेऊ लागले. सोसिमाबाई तिथे टोपली घेऊन उकडलेली कणसे आणि चीज विकायला बसली. शिडीचा जिल्हाप्रमुख एक जिवंत कोंबडी घेऊन आला.

"इंजिनीअरसाहेब, युती करू. उपाध्यक्षपद तुमचं."

"अहो, मी कुणीच नाही!"

"ते आमच्या उमेदवाराबद्दलही लोक म्हणतात. काही बिघडत नाही." कोंबडी ठेवून तो निघून गेला. निःपक्षपातीपणाला धक्का नको म्हणून यारांगा तिला घेऊन दीड किलोमीटर त्याच्या मोटारीमागे धावले. त्यामुळे गावभर झाले, की यारांगा शिडीच्या मागे धावत आहेत. संध्याकाळच्या आत किटलीवाल्यांनी तक्रार ठोकली: विरोधी उमेदवार मतदान टेबलाचा अध्यक्ष कसा?

चार दिवसांनी यारांगा जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत, सेन्योरिता नाहेरा नावाच्या तरुण बाईंसमोर उभे होते.

"तुमची नेमणूक राहावी असं वाटत असेल, तर तुम्ही उमेदवार नसल्याचा दाखला आणा," बाई म्हणाल्या.

"कुणाकडून?"

"आमच्याकडून."

"मग द्या."

"तो आम्ही फक्त माघार घेतलेल्या उमेदवाराला देतो."

यारांगांनी खुर्चीची पाठ धरली. "बाई, मी उभाच राहिलो नाही, तर बसू कसा?"

"अर्ज भरायची मुदत असती, तर सोपं होतं. आज भरायचा, उद्या मागं घ्यायचा. पण ती डिसेंबरातच संपली." बाईंना खरोखर वाईट वाटत होते. त्यांनी यारांगांकडे आणि मग त्यांच्या काखेतल्या वहीकडे पाहिले. "इतकी कशाला धडपड, आजोबा? लोक इथं येतात ते नाव काढून टाकायला. सकाळपासून अकरा जण आलेत. एकानं कागदावर स्वतःच्या आजीला दुसऱ्यांदा मारलं."

"बाई, मी अडतीस वर्षं पाऊस मोजला. शेवटी तो कुणाच्याच कामाला आला नाही, कागद लिमाला जाऊन पडले. एकदा, एकच दिवस, मला असं काहीतरी मोजायचंय, ज्यानं फरक पडतो."

बाईंनी शिक्क्याचा डबा जवळ ओढला. मग त्यांनी खणातून एक कागद काढला. "माघारीचा अर्ज भरा. मी नोंदवहीत तुमचं नाव शोधीन. ते सापडणार नाही. मग 'नोंद आढळत नाही' असा शिक्का मारून परत करीन. तो दाखला समजा."

असा तिढा सुटला. यारांगा शिक्क्याचा कागद छातीशी धरून बसमध्ये बसले आणि बसमधल्या रेडिओवर त्यांनी ताजी बातमी ऐकली: "यारांगा यांची माघार. दबावाचा संशय."

गतिरोधकाशी तीस-चाळीस माणसे जमली होती. "कुणी धमकावलं, साहेब? नाव सांगा फक्त!" सोसिमाबाई ओरडली. तिच्या हातात कणीस होते, तरी ते हत्यारासारखे दिसत होते.

"कुणी नाही! मी माझ्या मर्जीनं..."

"बघा, बोलूही देत नाहीत बिचाऱ्याला," मागून कुणीतरी म्हणाले. कुणी कुणी डोळे पुसले.

मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला यारांगा लग्नातला कोट घालून शाळेत हजर झाले. त्यांनी टेबल मापून भिंतीला समांतर लावले. शाईची बाटली, शिक्का आणि मतपत्रिका एका रांगेत ठेवल्या. दिवसभरात त्यांनी दोनशे चौऱ्याऐंशी मतदारांची ओळखपत्रे तपासली, प्रत्येकाचे बोट शाईत बुडवून घेतले आणि प्रत्येकाला "सावकाश, घाई नाही" असे सांगितले. काही मतदारांनी जाताना त्यांना डोळा मारला. धूळ असावी, असे त्यांना वाटले. आयुष्यात इतके सुख त्यांना लग्नाच्या दिवशीही झाले नव्हते, निदान तेव्हा मोजायला एवढे नव्हते.

पाच वाजता दार बंद झाले आणि मोजणी सुरू झाली. अध्यक्षाने प्रत्येक मतपत्रिका उलगडायची, मोठ्याने वाचायची आणि सर्वांना दाखवायची असा नियम होता. चिन्हावर फुली हवी. कुठेही काही लिहिलेले असेल, तर मत बाद.

यारांगांनी पहिली मतपत्रिका उलगडली. सगळ्या चिन्हांवरून आडवे, जाड अक्षरात एक नाव लिहिले होते.

"यारांगा," त्यांनी वाचले. घसा साफ केला. "बाद."

दुसरी शिडीची होती. तिसरी: "यारांगा. बाद." चौथीवर नावाखाली एक छोटी पांढरी भिंतही काढली होती. "बाद." विसाव्या मतपत्रिकेपर्यंत शिडी आणि किटली यांचे प्रतिनिधी खुशीत होते. पन्नासाव्या पत्रिकेनंतर शिडीचा प्रतिनिधी आपली हक्काची किती मते त्या बाद ढिगात गेली याचा बोटांवर हिशोब करू लागला. सत्तराव्या पत्रिकेला तो उठून उभा राहिला.

"हरकत! अध्यक्ष पक्षपाती आहेत. एकाच माणसाची मतं लागोपाठ बाद करतायत!"

"अहो, तो माणूस मीच आहे!"

"म्हणजे वैयक्तिक वैर," किटलीचा प्रतिनिधी म्हणाला. "लिहून घ्या."

खिडकीच्या गजांना माणसे लटकली होती. "चोर!" बाहेरून आवाज आला. "यारांगाची मतं खातोय!" तरी यारांगांनी एकही पत्रिका वाचल्यावाचून बाजूला ठेवली नाही. काही अक्षरे त्यांच्या ओळखीची होती. ज्या माणसाशी दहा वर्षे बांधावरून भांडण होते, त्याचे तिरके अक्षरही त्यांनी ओळखले, सगळ्यांना दाखवले आणि बाद केले.

शेवटी फळ्यावर आकडे लागले. शिडी अठ्ठावन्न, किटली एकोणपन्नास, इतर मिळून पासष्ट, बाद एकशे बारा. अहवाल लिहिणारी चिटणीस मुलगी कागदावरून मान वर करून म्हणाली, "बाद मतांवर त्या उमेदवारातर्फे कुणाला आक्षेप नोंदवायचा असेल, तर तो आत्ताच नोंदवावा लागतो. यारांगांतर्फे कुणी आहे का?"

 खिडकीतल्या माणसांनी गजांना तोंडे लावली. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, हे यारांगांना कळत होते. त्यांनी त्या एकशे बारा कागदांच्या कडा एकसारख्या केल्या.

"कुणी नाही," ते म्हणाले आणि त्यांनी अहवालावर सही केली.

त्यांना घरी शाळेच्या मागच्या दाराने, शिपायाच्या संरक्षणात जावे लागले. एर्मेलिंदाने त्यांच्यापुढे कोंबडीच्या रश्श्याचा वाडगा ठेवला. त्यांनी तो निम्मा संपवला. गावाने त्यांना चोर ठरवले होते, तरी रश्श्याबरोबर आत काहीतरी ऊबदार पसरत होते. एकशे बारा. गावातल्या कुठल्याही पक्षाच्या दुप्पट, निदान जवळपास.

"एर्मेलिंदा," ते चमचा खाली ठेवून हळूच म्हणाले, "मी तर सगळी बाद केली. नियम तो नियम. पण आपल्या दोघांतच विचारतो. त्यात एक तुझं होतं ना?"

"माझं?" एर्मेलिंदाने वाडग्यात आणखी एक बटाटा टाकला. "मी चव्वेचाळीस वर्षं तुझा कारभार बघतेय रे."