वानखेडे सरांची टिकली

आमच्या कॉलेजात एक मायक्रोवेव्ह आहे आणि त्यात डबा गरम करायची कुणाची छाती नाही. पुलगावच्या थंडीत सगळा स्टाफ गार पोळ्या चावतो, आणि फिजिक्सच्या प्रयोगशाळेत वानखेडे सर त्यात पांढऱ्या टिकल्या भाजत बसतात.

या टिकल्या कपाळाच्या नव्हेत. टीव्ही-मोबाइलच्या पोटात वीज साठवून धरणारी चिनीमातीसारखी चकती असते ना, ती. पांढरी पूड दाबून चकती करायची आणि न वितळवता भाजून घट्ट करायची. मी मराठी शिकवते. मला एवढंच कळलं, तेही सरांनी पुन्हापुन्हा सांगितल्यावर.

"मॅडम, भट्टी बाहेरून भाजते. साल करपते, गर कच्चा. हे आतून तापवते. आतून तापलं पाह्यजे!"

हे त्यांचं पालुपद. नापास पोरगा असो की प्राचार्यांचं भाषण, कसोटी हीच. भाषण संपलं की माझ्या कानाशी येऊन म्हणणार, "भट्टीतला माल हाये."

चकती पक्की झाली की नाही, हे ते वाजवून ओळखतात. ती सवय बाजारातही सुटत नाही. टरबूज, माठ, भोपळा, सगळ्यांवर टिचक्या. "सर, घ्याचं असन तं घ्या, तबला नका वाजवू," असं भाजीवालीनं एकदा सुनावलं. ऑफिसातल्या बाबूंनी एकदा डोळा चुकवून त्या मायक्रोवेव्हमध्ये झुणका तापवला होता. त्यानंतरच्या टिकल्यांना लसणाचा वास येतो, असा सरांचा आजही दावा आहे.

मायक्रोवेव्ह मूळचा सरांच्या स्वयंपाकघरातला. सुमनवहिनी नातवाला सांभाळायला लेकाकडे पुण्याला गेल्या, तेव्हा सरांनी तो ऑटोत घालून कॉलेजात आणला. "एकट्यासाठी काय गरम करू?" म्हणाले.

"सर, पुण्याले कधी जाता?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "टिकली तडकते न! एक अख्खी निघू द्या, त्याच दिवशी गाडीत बसतो." बायकोपेक्षा चकती प्यारी, अशी स्टाफरूममध्ये थट्टा चाले.

परवा दुपारी मी चहा घेऊन प्रयोगशाळेत गेले. सरांनी गार झालेली टिकली फरशीच्या तुकड्यावर टाकली. टण्! कसा खणखणीत आवाज!

"सर, अख्खी निघाली! आता तिकीट काढा."

सर हसले नाहीत.

"मॅडम, अशा तं दिवाळीपासूनच निघून राह्यल्या."

"मग जात का नाही?"

"पोरगा म्हणते, बाबा, घर लहान हाये, सध्या राहू द्या. सुमनले हे सांगतलं नाई. समजलं तं लेकाशी भांडन, नाईतं नातवाले टाकून निघन. मंग तिचं मन इथं लागन का?" ते टिकलीवरून बोट फिरवत राहिले. "मले तं लई वाटते न, मॅडम. भाजी करतो, पण मीठ बराबर झालं का, कोणाले विचारू?"

मला त्या मुलाचा संताप आला आणि सरांबद्दल फार माया वाटली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वहिनींचा. यायची तारीख विचारत असणार. सरांनी ती अख्खी टिकली मुठीत घट्ट धरली, घसा साफ केला आणि चांगलं वैतागल्याचं सोंग आणून म्हणाले, "आजबी तडकली न वं!"