देवमनभाऊंनी भरल्या नांग्या

गांडुळांमुळे प्राध्यापक गजेंद्र खोडे यांचा काय काय फायदा होणार होता, ते आधी पाहू. बारा देशांच्या अहवालात नाव येणार होतं. प्रयोगशाळेला नवा तराजू मिळणार होता. जुना दर वेळी वेगळं वजन सांगे. आणि नेदरलँड्समधल्या बैठकीचं विमानाचं तिकीट येणार होतं, प्रयोगशाळेमागे एक. पहिल्या दोन गोष्टी गजेंद्र सगळ्यांना सांगत. तिसरी मनात ठेवत, कारण तिचं मूळ अकोल्याला, साडूच्या फ्रिजवर होतं. नितेशच्या फ्रिजला पाच देशांचे चुंबक चिकटले होते आणि पाहुणा पाणी मागेल तर तो आधी पाचही देश फिरवून आणी. गजेंद्रच्या फ्रिजवर गॅसवाल्याचा नंबर होता.

काम तसं सोपं. चांदीची एक भुकटी, कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर मावावेत. अशी भुकटी मोज्यांत, मलमांत, रंगांत घालतात. ती धुऊन मातीत गेली की तिथल्या जिवांचं काय होतं, हे तपासायचं होतं. बारा देशांतल्या बारा प्रयोगशाळांनी तीच भुकटी, त्याच कृतीची माती, त्याच जातीची गांडुळं घ्यायची आणि उत्तर जुळतं का पाहायचं. अमरावतीच्या कॉलेजात पाच डबे मांडले. पहिल्यात भुकटी नाही, पुढे वाढत वाढत पाचव्यात सगळ्यात जास्त. प्रत्येकात दहा गांडुळं. अठ्ठाविसाव्या दिवशी जिवंत किती ते मोजायचं. तोवर आठवड्याला चमचाभर शेण मिसळायचं आणि पाणी शिंपडायचं. ते काम परिचर देवमनभाऊंकडे होतं. त्यांची परतवाड्याकडे चार एकर कपाशी आणि गांडूळखताचा खड्डा होता, त्यामुळे या कामाला त्यांच्याइतका अनुभवी माणूस अख्ख्या कॉलेजात नव्हता. नेमकं तेच नडलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी संशोधन करणाऱ्या आरजूने पाचवा डबा ट्रेमध्ये उलटा केला आणि चिमट्याने मोजायला बसली.

"सर, आपण दहा टाकले होते ना?"

"हो. किती उरले?"

"तेरा."

"पिल्लं असतील."

"पिल्लं कुठून सर, सगळ्यांच्या अंगावर पट्टा आलाय. मोठे आहेत."

पाचही डब्यांचा आकडा लागला: दहा, दहा, अकरा, बारा, तेरा. जितकं विष जास्त, तितकी गांडुळं जास्त. गजेंद्रने तीनदा मोजलं. आकडे पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. आरजू म्हणाली, "सर, चाचणी बाद लिहून देऊ." पण बाद झालेल्या प्रयोगशाळेला कोण तिकीट देतं? गजेंद्रने खाली 'स्थानिक हवामानाचा परिणाम संभवतो' अशी ओळ लिहिली आणि आकडे पाठवले.

दोन दिवसांत नेदरलँड्सहून मार्लेनबाईंचं पत्र आलं. सगळ्या देशांची मोट बांधायचं काम त्यांचं. बाकी अकरा ठिकाणी पाचव्या डब्यातली निम्म्याहून जास्त गांडुळं मेली होती. अमरावतीची गांडुळं विलक्षण आहेत, सगळ्यांना ती हवी आहेत, दोनशे पाठवता येतील का? गुरुवारी पडद्यावर बैठक घेऊ.

प्राचार्यांच्या कानावर हे गेलं आणि प्राचार्यांच्या कानावरचं सगळं गावातल्या वर्तमानपत्रात जात असे. 'चांदी खाऊन गांडुळे वाढली!' असा मथळा आला. परतवाड्याहून दोन शेतकरी जीप करून आले.

"सर, थे चांदीची भुकटी किलोनं भेटते का?"

"ती विकायची नाही हो. अजून तपासणी सुरू आहे."

"तुमी सांगा बावा," दुसरा चिडून म्हणाला. "यानं त बायकोच्या पायातले चांदीचे तोरडे खताच्या खड्ड्यात पुरले. ते माहेरी गेली."

गजेंद्र घाम पुसत प्रयोगशाळेत आले. "देवमनभाऊ, डब्यांत मिळून छप्पन्नच आहेत. दोनशे कुठून आणायचे?"

"माया खड्ड्यातून आणतो ना जी," देवमनभाऊ म्हणाले. "पयले एकवीस बी तितूनच आणले होते."



"कोणते एकवीस?"

"शेण मिसळताना पाहो, त पाचव्यात कवा सहा दिसत, कवा सात. मेले म्हटलं बिचारे. मंग नांग्या भरल्या."

"नांग्या?"

"आता घ्या! कपाशीचं बी निघालं नाही, त त्या जागी दुसरं लावत नाही का आपण? तसंच. कोनाचेबी पाहुणे असले तरी आपल्या दारी कमी पडू नये. पन ते मेले नव्हते सारे. काही खाली दडून बसले होते, मले काय मालूम!"

"मले काहून नाही सांगितलं?" गजेंद्रची प्राध्यापकी भाषा गळून पडली.

"तुमी घरी फोनवर ईमानाच्या तिकिटाचं बोलून राहिले होते, सर. मधात कसं बोलू?"

आरजूने आकड्यांचा कागद पुढे सरकवला. "सर, सरासरीत आपला आकडा गेला, तर ही भुकटी आहे त्यापेक्षा सौम्य ठरते. बाराही देशांत. मग लोक खरंच खतात टाकतील."

गुरुवारी पडद्यावर अकरा देश उमटले. गजेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा पाच चुंबक डोळ्यांपुढून जाऊ दिले आणि एका दमात सगळं सांगितलं: कपाशी, नांग्या, पाहुणे. कोणी हसलं नाही. मार्लेनबाईंनी चौसष्ट पानांची नियमावली उघडली, पुढे मागे चाळली.

"मेलेल्याच्या जागी दुसरं घालू नये, असं यात कुठेच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ही नियमावली लिहिणाऱ्या आम्हा कोणाच्याच हाताला माती लागत नाही. बैठकीला प्रत्येक प्रयोगशाळेतून डबे हाताळणारा माणूसच यावा. तुमच्याकडून देवमन येतील. भाषेची सोय तुम्ही तिथूनच पडद्यावर कराल ना?"

गजेंद्रने मान हलवली. पडद्यावर ती होकारासारखी दिसली.

देवमनभाऊ निघाले. चाचणी पुन्हा मांडली गेली आणि चमचाभर शेणाचं काम प्राध्यापकांकडे आलं. बैठकीच्या दिवसांत ते एका हाताने शेण मिसळत आणि दुसऱ्या हातात फोन धरून देवमनभाऊंचं वऱ्हाडी इंग्रजीत घालत.

परत आल्यावर देवमनभाऊंनी गजेंद्रच्या हातात पवनचक्कीचा चुंबक ठेवला आणि सरळ ट्रेकडे गेले. त्या दिवशीच आरजूने डबे मोजले होते.

"पाचव्यात चारच?"

"सहा मेले."

"आन् तुमी काहीच नाही केलं?"

"नाही," गजेंद्र म्हणाले. त्यांचे दोन्ही हात खिशात होते.

या वेळी उत्तर बाकी देशांशी जुळलं. नियमावली पासष्ट पानांची झाली. परतवाड्याचे तोरडे काळे पडून निघाले, पण घासल्यावर त्यांच्यासकट बायको घरी आली. खोडेंच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी पवनचक्की लागली. ती कोणी आणली, हे नितेशला अजून सांगितलेलं नाही. आणि या सगळ्याची किंमत मोजली ती त्या सहा गांडुळांनी, ज्यांच्या जागी या खेपेला कोणी आलं नाही.