सकाळी सात ते आठ, आत्माराम सर

आत्माराम सरांना फोन लावून कुणी नुसतं "हॅलो" म्हणालं, तरी ते त्याला आधी "नमस्कार" म्हणायला लावत. त्यानं तसं म्हटल्यावरच त्याचा प्रश्न ऐकायचे. तोही पुरता नाहीच.

आमच्या गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मी यंत्रं सांभाळतो. सर हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. चाळीस वर्षं मराठी शिकवून पोट भरलं नव्हतं म्हणून की काय, रोज सकाळी सात ते आठ 'सकाळची बैठक' चालवायचे. आमचा नंदुरबारकडचा माणूस घरात, बाजारात, शेतात अहिराणी बोलतो. सरांना तिचा भारी तिटकारा. "आकाशवाणीवर, सलीम, भाषा आंघोळ करून आली पाहिजे," असं ते मला बजावत. मी 'बटण' म्हटलं की "कळ म्हण." माईकला ते 'ध्वनिग्राहक' म्हणत आणि त्यावर सगळ्यात जास्त थुंकीही तेच उडवत.

त्या आठवड्याचंच सांगतो. सोमवार शेतीचा. पहिलाच फोन एका शेतकऱ्याचा, घाबराघुबरा.

"मन्ही मिरचीवर कोकडा ई ग्या भाऊ, काय फवारू?"

"'माझ्या मिरचीवर कोकडा आला आहे' असं म्हणा."

"हा, तेच ना. काय फवारू?"

"पूर्ण वाक्यात."

त्यानं फोन ठेवला. सर माझ्याकडे बघून समाधानानं हसले, जणू मिरचीचा रोग गेला.

मंगळवारी आरोग्य. डॉक्टरीणबाई तापावर बोलायला आल्या होत्या. तासाभरात त्यांच्या वाट्याला चार वाक्यं आली, त्यातली दोन सरांनी दुरुस्त केली. बुधवारी नवापूरहून एक कोंबडीवाले आले. सरांनी 'कुक्कुट' या शब्दाची व्युत्पत्ती एवढी लांबवली की ते पाहुणे घड्याळ बघत, खुर्चीतल्या खुर्चीत सरकत राहिले. गुरुवारी विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम होता. एकाही विद्यार्थ्याचा फोन आला नाही. सर म्हणाले, "दरारा आहे." मी मनात म्हटलं, सुटका आहे.

शुक्रवार महिलांचा. धानोऱ्याहून एका बाईंचा फोन आला. आवाजावरून साठीच्या. सरांनी त्यांना दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा त्या थांबल्या नाहीत.

"ओ मास्तर, तुम्ही उत्तर देतस का वह्या तपासतस?"

फोन कट. सरांचं तोंड उघडं ते उघडंच. रेडिओवर नुसती शांतता. मी काचेपलीकडे तोंडावर हात दाबून हसत होतो. शेवटी मीच एक गाणं लावलं.

शनिवारी सर आलेच नाहीत. "आज जमणार नाही," एवढाच निरोप. आम्ही जुना कार्यक्रम वाजवला. केंद्राचे साहेब म्हणाले, "रुसले बहुतेक. स्टुडिओची दुसरी चावी त्यांच्याकडेच राहिलीय, घेऊन ये." आनंदानं गेलो. रुसलेला मास्तर मला डोळे भरून बघायचा होता.

दार उघडंच होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं, अस्सल अहिराणी. मला वाटलं, कुणी पाहुणा असेल. डोकावलो तर सरच.

पलंगावर त्यांच्या पत्नी उशांना टेकून होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. त्यांना अर्धांग झालेलं मला माहीत नव्हतं. केंद्रात कुणालाच नव्हतं. समोर स्टुलावर बसून सर हातवारे करत होते, "मंग ती धानोरानी बाई काय म्हने, माहीत शे का तुले?"

मी दिसताच थांबले. मला वाटलं, आता चिडतील.

"बठ ना भो. उभा काय शेस?"

सरांच्या तोंडून 'भो'! मी बसलो. मग कळलं, शेजारच्या बाई सकाळी तासभर काकूंपाशी बसायच्या, त्या आज गावाला गेल्या होत्या. म्हणून सर आले नव्हते.

"पण काकू रेडिओ ऐकत असतीलच की," मी म्हणालो.

"नही रे. लावू देत नही." सरांनी पायावरची चादर सारखी केली. "चांगली व्हती तव्हयच म्हने, तो मास्तर बोलस, मन्हा मानूस नही. म्हनीसन घर ईसन मी सगळं सांगस."

काकूंच्या लेखी रेडिओवर बोलायचा तो मास्तर, त्यांचा माणूस नव्हे; म्हणून सर घरी येऊन सगळं सांगायचे. सगळं म्हणजे सगळं. मिरचीवाल्यानं फोन कसा आपटला, कोंबडीवाला कसा कंटाळला. त्या घरातल्या कार्यक्रमात दर वेळी मास्तरचीच फजिती व्हायची, आणि ती सर चढवून चढवून सांगायचे.

काकूंनी डावं बोट उचललं. फार कष्टानं एक शब्द आला. "आखो."

म्हणजे, पुन्हा.

"सलीम, तू ती बाई व्हय," सर म्हणाले. "मी मास्तर."

मी गळा साफ केला, डोक्यावर रुमाल घेतला आणि धानोऱ्याच्या बाईंच्या आवाजात सरांना झापलं. सर मान खाली घालून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे बसले. काकू अर्ध्या तोंडानं हसल्या. हसता हसता ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. सरांनी मान वर न करताच हात लांबवून ती टॉवेलनं पुसली.

"थांबू नको," ते हळूच मला म्हणाले. "हासी ऱ्हायनी ती. आखो बोल."