सोपानआबांचं तळं

सोपानआबा कुणाला रामराम करत नसत. सकाळी पेठेत समोरून आले की हात वर करून म्हणत, "नऊ फूट चार इंच!" आणि पुढं चालू लागत. ऐकणाऱ्यानं त्याप्रमाणे चेहरा करायचा. आकडा कालच्यापेक्षा वाढला असेल तर "वा वा", उतरला असेल तर "अरेरे". कुणी चुकून उलटं बोललं तर आबा मागं फिरत, कालचा आणि परवाचा आकडा सांगत आणि त्याच्याकडून चेहरा दुरुस्त करून घेत.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. एकोणीसशे तीस उलटून दोन-चार वर्षं झाली असतील, बारामतीच्या शाळेत मास्तर म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. दुसऱ्याच दिवशी एक ठेंगणा, काळासावळा म्हातारा समोर आला. अंगात खाकी कोट, त्याची पितळी बटणं आरशासारखी घासलेली, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं आणि खांद्यावर हातभर लांबीची लोखंडी चावी. तो मला म्हणाला, "नऊ फूट चार इंच!"

काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून मी म्हणालो, "मी पाच फूट पाच."

म्हाताऱ्यानं मला चपलांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "टोपी धरून का सोडून?"

"सोडून."

"बरं," तो म्हणाला. "पर म्या तळ्याचं म्हणतोय, मास्तर."

हे तळं पेठेबाहेर होतं. कॅनॉलचं पाणी आडव्या बांधानं अडवून भरून ठेवायचं आणि कॅनॉल बंद असला की गावानं ते प्यायचं, असा त्याचा कारभार. काठावर एक दगडी पट्टी होती, तिच्यावर फुटांच्या आणि इंचांच्या रेघा. आबा तळ्याचे राखणदार. आधी बरीच वर्षं ते कॅनॉलवर पाटकरी होते, म्हणजे शेतांना पाळीप्रमाणे पाणी सोडणारे. खांद्यावरची चावी तळ्याच्या मोरीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची होती. ती घरी ठेवली तरी चाललं असतं, पण मामलेदार पट्टा लावतात तशी आबा ती चावी लावत.

तळ्याबद्दल आबांचं एकच म्हणणं होतं, आणि ते दिवसातून दहा वेळा ऐकू येई. "हे माणसानं केलंय." बायका काठाशी येऊन हळदकुंकू वाहू लागल्या की आबा बांधावरून ओरडत, "बाई, ही गंगा न्हाय! कॅनॉलचं पाणी हाय ते. ओटी भरायची तर फावड्याची भरा!" बायका त्यांच्याकडं लक्ष न देता नारळ सोडून जात. आबा तो नारळ काठीनं काठाला ओढत आणि घरी नेत. माणसानं केलेल्या तळ्यातला नारळ माणसानंच खायचा, हे त्यांना अगदी सरळ वाटे.

मोठ्या दुष्काळात जी कामं निघाली त्यात हे तळं खणलं गेलं. तेव्हा आबा विशीत होते. कळंबहून चालत येऊन ते खणायला लागले. त्याआधी या गावच्या बायका उन्हाळ्यात कऱ्हेच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं हंडा भरत. ही सगळी हकिगत आबांना तोंडपाठ होती, आणि ती कुणाला सांगावी असा विचार ते करत नसत. समोर जो उभा असेल त्याला ते सांगत. एकदा वाट चुकलेल्या एका म्हशीला ते बांधावरून हाकलत होते, तेव्हा तिलाही त्यांनी निम्मी सांगितल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

एकदा मी भूगोलाच्या तासाला वर्ग तळ्यावर नेला. बांधावर उभा राहून म्हणालो, "मुलांनो, तलाव दोन प्रकारचे असतात. नैसर्गिक आणि कृत्रिम. हा कृत्रिम."

मागून आवाज आला. "कुत्रिम म्हंजी?"

"म्हणजे आबा... बनवलेला. जो खरा नव्हे तो."

बोललो आणि जीभ चावली. आबांनी चावी खाली ठेवली, काठाशी उतरून ओंजळभर पाणी आणलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. "प्या."

प्यायलो.

"खरं हाय का खोटं?"

"खरं आहे."

"मोठ्यानं. पोरास्नी ऐकू जाऊ द्या."

"खरं आहे!" मी ओरडलो. वर्गाला इतका आनंद मी पुढं कधीच देऊ शकलो नाही. त्या वर्षी परीक्षेत तलावांचे प्रकार विचारले, तेव्हा निम्म्या वर्गानं लिहिलं, 'तलाव दोन प्रकारचे असतात. देवाचे आणि आबांचे.' मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

पुढं दामूअण्णा वकिलांच्या डोक्यात आलं की नुसतं पाणी पिण्यापुरतं तळं ठेवणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. ते पुण्यामुंबईला जाऊन आले होते. तिथं लोक तळ्याकाठी बाकांवर बसतात, वारा खातात, नावेतून फिरतात. मग बारामतीनं काय पाप केलंय? लगेच एक कमिटी झाली. अक्षर बरं म्हणून मला तिचा चिटणीस केलं. काठाला चार बाकं आली. राहिली नाव.

नाव पळसदेवहून आली. तिथं भीमेवर उतारूंची ने-आण करणारी एक जुनी नाव विकायला निघाली होती. दोन बैलगाड्या एकापुढं एक बांधून त्यांवर ती लादली आणि इंदापूरच्या रस्त्यानं आणली. पेठेतून ती वाजतगाजत गेली. जमिनीवरून जाणारी नाव बघायला पाण्यातल्या नावेपेक्षा जास्त गर्दी होती. सोबत तिचा नावाडीही आला होता.

आबा बांधावर बसून हे सगळं बघत होते. दामूअण्णा त्यांना म्हणाले, "काय आबा, कशी आहे?"

"पाणी प्यायचं असतं का त्येच्यावर बसायचं असतं?" आबांनी विचारलं.

"दोन्ही! हा नवा काळ आहे."

"असंल," आबा म्हणाले, आणि गप्प बसले. आबा गप्प बसले याचा अर्थ त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच कळला नाही.

रविवारी सकाळी उद्घाटन होतं. नावेला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मामलेदारसाहेब आले, त्यांच्यामागून दामूअण्णा, पेठेतले दोन व्यापारी, डॉक्टर आणि चिटणीस म्हणून मी, असे आम्ही चढलो. नावाडी म्हणाला, "भीमेच्या पुरात चालवलीया म्या, हे तर ताटातलं पाणी." काठावर अख्खं गाव उभं होतं. ताशा वाजत होता. नाव झोकात निघाली, तळ्याच्या मधोमध गेली, आणि खालून 'खर्र' असा आवाज येऊन जागच्या जागी थांबली.

नावाड्यानं वल्ह्यानं रेटलं. हलेना. व्यापाऱ्यांनी हातानं पाणी मागं ढकलून बघितलं. ताशा वाजायचा थांबला. काठावरून सल्ले येऊ लागले. कुणी म्हणालं डावीकडं झुका, कुणी म्हणालं उजवीकडं. आम्ही दोन्ही करून पाहिलं. ऊन चढत होतं. मामलेदारसाहेब आधी दामूअण्णांकडं आणि मग माझ्याकडं बघू लागले.

शेवटी दामूअण्णांनी बांधाच्या दिशेनं हाक मारली. "आबा! काहीतरी करा!"

आबा भाकरी खात होते. त्यांनी घास गिळला, तोंड पुसलं आणि सावकाश ओरडले, "आधी इचारा!"

"काय विचारू?"

"पाणी किती हाय ते इचारा!"

दामूअण्णांनी दातओठ खाल्ले. "पाणी किती आहे?"

"सहा फूट दोन इंच! कॅनॉल बंद हाय, चार दिस गाव तळ्याचं पीतंय. तुमी बसलाय तितं आठ इंच!"

"आठ इंच? मध्यभागी?"

मग आबांनी तिथूनच सगळी हकिगत सांगितली. खणताना किती खोल गेलो हे मोजता यावं म्हणून मधे मातीचा एक उंचवटा तसाच राखतात. मोजून झालं की तो काढायचा, पण तेवढ्यात पाऊस आला आणि तो राहून गेला. तळं भरलेलं असलं की त्याच्यावरून नाव काय, हत्ती जाईल. ही हकिगत नेहमीपेक्षा बरीच लांबली. ऐकणाऱ्यांना उठून जाता येत नव्हतं, असा योग आबांना प्रथमच आला होता.

"मग हे आधी का नाही सांगितलं?" दामूअण्णा किंचाळले.

"आता इचारलंत की!" आबा म्हणाले. "उतरा खाली समदी. नाव हलकी हुईल, आपसूक सुटंल."

इलाज नव्हता. मामलेदारसाहेबांनी बूट काढले, मोजे काढून खिशात घातले, विजार वर सारली आणि उतरले. पाठोपाठ आम्ही. घोट्याएवढ्या पाण्यात, तळ्याच्या ऐन मधोमध, डोक्याला फेटे आणि हातात बूट घेऊन आम्ही सहाजण ओळीनं उभे राहिलो. लांबून पाहणाऱ्याला आम्ही पाण्यावर उभे आहोत असं वाटत असणार, कारण काठावरच्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"अगं हात कशाला जोडताय?" बांधावरून आवाज आला. "खाली माती हाय! म्या राखलेली!"

नाव सुटली, आम्ही परत चढलो आणि काठाला आलो. मामलेदारसाहेब कुणाशी न बोलता टांग्यात बसले. कमिटीची बैठक त्यानंतर झाली नाही. बाकांवर शेळ्या बसू लागल्या. नावाडी पळसदेवला निघून गेला, आणि परत न्यायचा खटाटोप कोण करणार म्हणून नाव आबांच्या ताब्यात राहिली. बांधाच्या खुंटाला त्यांनी ती बांधून ठेवली आणि कुणाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही.

पाऊसकाळ गेला. दिवाळीच्या सुमारास लक्षात आलं की महिनाभर आबा पेठेत दिसलेच नाहीत. गावाला चुकल्यासारखं झालं. चौकशी केली तेव्हा कळलं की गोदाआक्का तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. गोदाआक्का म्हणजे आबांची बायको. मूळच्या पिंपळीच्या, दुष्काळात याच तळ्याच्या कामावर आलेल्या. बांधाखालच्या खोलीत दोघंच राहत. आक्कांना ऐकू फार कमी येई, त्यामुळं त्या बाहेर कुणात मिसळत नसत. डॉक्टरांनी एकदा तर आशाच सोडली होती म्हणे. त्या दिवसांत आबा राखण सोडून उशाशी बसून होते.

मग एके दिवशी दुपारी, वह्या तपासायला निवांत जागा हवी म्हणून मी बांधावर गेलो आणि एका बाभळीच्या आड बसलो. तळं काठोकाठ भरलं होतं. तेवढ्यात पाण्यावरून आरोळी आली. दचकून पाहिलं, तर आबा नाव वल्हवत होते आणि समोर गोदाआक्का बसल्या होत्या. अंगावर घोंगडी, चेहरा पार उतरलेला, पण मान वळवून वळवून चौफेर बघत होत्या.

"हितं आपली झोपडी हुती!" आबा ओरडले.

"आं?"

"झोपडी! झोपडी!"

त्यांनी मान हलवली. नाव जरा पुढं गेली.

"हितं तुजी टोळी! पाट्या वाहायचीस! आन त्या कडंला मी!"

मला उठून जायला हवं होतं. पण उठलो असतो तर दिसलो असतो. आबांनी वल्हं थांबवलं, काठाकडं नजर फिरवली. मी आणखी आक्रसून बसलो. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी, ज्या आवाजात गावाला हाकाटी घालावी त्या आवाजात, आपलं गुपित सांगायला सुरुवात केली.

"गोदे! एक सांगायचं राहिलंय! तू आजारी हुतीस तवा लई वाटलं, सांगायचं राहिलं!"

"आं?"

"तू म्हणतीस न्हवं, देवानं आपली गाठ घातली! तुजी बदली माज्या टोळीत झाली म्हणून!"

त्यांनी मान हलवली.

"देवानं न्हाय! म्या मुकादमाला थाप मारली! म्हणलं ती माज्या मामाची पोरगी हाय, तिला आमच्यात द्या! साफ खोटं!"

एवढं बोलून आबा धापा टाकू लागले. तीस-पस्तीस वर्षं पोटात ठेवलेली ती थाप आता अख्ख्या तळ्यावर घुमत होती. गोदाआक्का पुढं वाकून काहीतरी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता, माझ्यापर्यंत एक अक्षर पोचलं नाही.

आबांच्या हातून वल्हं सुटलं.

"आं?" या खेपेला आबाच म्हणाले. "मुकादम तुज्याकडं आला हुता?"

आक्का पुन्हा काहीतरी म्हणाल्या.

"आन तू काय म्हणालीस? आत्त्याचा पोरगा हाय म्हणालीस? माजं नावबी ठावं नसताना?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. नाव वल्ह्यावाचून हळूहळू गोल फिरत होती, आणि आबा तोंड उघडं टाकून बायकोकडं बघत बसले होते. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, वाकून वल्हं पाण्यातून ओढून घेतलं.

मी वह्या काखोटीला मारल्या आणि बांधाच्या मागच्या अंगानं आवाज न करता उतरू लागलो. उतरण्याआधी एकदा वळून पाहिलं. गोदाआक्का घोंगडीतून हात काढून पलीकडच्या काठाकडं बोट दाखवत होत्या, काहीतरी सांगत होत्या, आणि त्या दाखवतील तिकडं आबा मुकाट्यानं नाव नेत होते.