मिस पर्लच्या घरची मूक सभा

भांडण कसं मिटवायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं! मी ओमानमधल्या सोहारच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. गढूळ पाणी ढवळायचं नाही, नुसतं ठेवून द्यायचं. गाळ आपोआप खाली बसतो. नवरा आणि दीर तरी वेगळे कुठे!

माझ्या नवऱ्याने, कॉनराडने, इथेच सोहारला राहणाऱ्या धाकट्या भावाच्या, ऑलविनच्या, ट्रम्पेटला ‘रिक्षाचा भोंगा’ म्हटलं आणि दोघांचं बोलणं खलास! नाताळात आमच्या कॅन्डिसचं लग्न. ती वसईहून फोनवर रडत होती, “मम्मी, ऑलविनकाकाने वाजवलं नाही तर मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही!”

आमच्या वरच्या मजल्यावर मिस पर्ल राहतात. मूळच्या इटारसीच्या, पंथाने क्वेकर. दर शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे चार माणसं प्रार्थनेला जमतात. पाद्री नाही, गाणं नाही. सगळे गप्प बसतात. नेमलेल्या माणसाने शेजाऱ्याशी हात मिळवला की सभा संपते. मी त्यांना सगळं सांगितलं.

“आमच्यात भांडणात हात उचलत नाहीत, बेटा, पुढे करतात,” त्या म्हणाल्या. “या वेळी सभा कॉनराड संपवेल.”

शुक्रवारी मी दोघा भावांना वर नेलं आणि कॉनराडला कोपऱ्यात बसवलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ऑलविन. सुटकाच नाही!

तास झाला. कॉनराडचा हात काही पुढे येईना. बाकीच्यांना वाटलं, आज मौन फारच खोल गेलंय. कोणी हलेना. एसीची घरघरही कधी थांबली कळलं नाही. जुम्म्याची अजान झाली. ती संपल्यावरची शांतता आधीपेक्षा जड होती, कोणीतरी आत येऊन बसल्यासारखी. मी खोलीतली माणसं मोजली. पुन्हा मोजली. उत्तर वेगळं आलं! मोजण्यात माझी चूक होत नाही.

मग माझं लक्ष मिस पर्लकडे गेलं. मान कललेली, तोंड उघडं. छातीवरची पिन वर-खाली होत नव्हती.

“मिस पर्ल!” मी किंचाळले.

कॉनराडने दचकून, न बघताच, बाजूचा हात घट्ट पकडला. झालं! हात मिळाला, सभा संपली! सगळे हसत एकमेकांशी हात मिळवू लागले. मिस पर्लनी डोळे उघडले. “बहुत अच्छी सभा हुई!”

लिफ्टमध्ये कॉनराड तळवा चोळत होता. “काय रे ऑलविन, किती गार हात तुझा!”

बोलला! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

“माझा?” ऑलविन म्हणाला. “दादा, मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेलो. तुला द्यायला लागू नये म्हणून!”

“मग मी कोणाचा…”

दोघांनी एकमेकांना जी मिठी मारली, ती तळमजला आला तरी सुटेना!

तर सलोखा झाला. ऑलविन लग्नात वाजवणार आहे. तूर्तास तो आमच्याकडेच राहायला आलाय. दोघे भाऊ आमच्या खोलीत दिवा चालू ठेवून झोपतात, आणि मी बाहेर सोफ्यावर. काहीतरी शास्त्रीय कारण असणारच, इन्शाल्ला सापडेल. मी विज्ञान शिकलेली बाई, मी नाही घाबरत.

फक्त हात पांघरुणाबाहेर ठेवत नाही.